पत्तेवाटप

सोमवार, ३ मार्च. सकाळी १०.

आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक आहे. ऑफिसचं नेटवर्क माझ्या ताब्यात आलं.

आमचं ऑफिस लिफ्ट दुरुस्तीचं. तिसरा मजला, सहा माणसं, सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर. गेले पंधरा दिवस स्क्रीनवर एक चौकोन उगवतो: हा पत्ता दुसरं कुणीतरी वापरत आहे. की लगेच प्रिंटर गायब. मग नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन टेबलावर हात आपटतो आणि सगळ्यांचा चहा सांडतो.

साहेब म्हणाले, बाहेरचा माणूस बोलावू. मी म्हणालो, अठरा वर्षं हे ऑफिस सांभाळतोय, बाहेरचा कशाला? साहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. (कौतुकाने.) मग म्हणाले, शुक्रवारी हॉस्पिटलच्या नव्या लिफ्टचे नकाशे छापून द्यायचेत, त्याच्या आत काय ते करा. नकाशे वेळेवर गेले नाहीत तर ते काम दुसऱ्याकडे जाईल.

म्हणजे चार दिवस आहेत. मला दोन पुरतील.

संध्याकाळी ७. बायको म्हणाली, अहो, माझ्या भावाला विचारा ना, तो दिवसभर हेच तर करतो. मेहुण्याला विचारणार नाही. तो कधी हसत नाही, नुसतं हं, हं करतो. हसलेला परवडला.

मंगळवार, ४ मार्च. दुपारी ३.

अभ्यास पूर्ण. विषय वाटतो तेवढा अवघड नाही. प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता लागतो. पत्ता म्हणजे आकडे. आधीचे आकडे आडनावासारखे, घरात सगळ्यांचे सारखे. खरं नाव म्हणजे शेवटचा आकडा. दोघांचा तो एकच झाला की हाक मारल्यावर दोघंही ओ देतात आणि घोळ होतो.

आता हे आकडे वाटतं कोण? राउटर. कपाटावरची काळी डबी, चार दिवे. सकाळी जो आधी कॉम्प्युटर लावेल त्याला आधी आकडा. ना हुद्दा बघणं, ना नोकरीची वर्षं. अशाने ऑफिसात भांडणं होणार नाहीत तर काय होईल?

उपाय ठरला. डबीचा अधिकार काढून घ्यायचा. पत्ते मी स्वतः वाटणार, हुद्द्याप्रमाणे.

तक्रारींचे फोन घेणाऱ्या बाईंना वाटतं की त्यांनाही कळतं. म्हणाल्या, ड्राफ्ट्समन उशिरा येऊन कॉम्प्युटर लावतो, तेव्हाच प्रिंटर रुसतो. तो दोन दिवस रजेवर होता तेव्हा प्रिंटर मुकाट चालला. मी समजावलं, बाई, हे विज्ञान आहे, पायगुण नव्हे. बाई हो म्हणाल्या आणि शब्दकोड्यात डोकं घातलं. बाईंचं हे मला आवडतं. पटकन पटतं त्यांना.

बुधवार, ५ मार्च. सकाळी ११.

वाटप सुरू. साहेब १. मी २. तिसऱ्या आकड्यावरून ड्राफ्ट्समन आणि स्टोअरकीपर यांच्यात जुंपली. ड्राफ्ट्समन म्हणतो माझं शिक्षण जास्त, स्टोअरकीपर म्हणतो माझे केस जास्त पांढरे. मिस्त्री म्हणाले, मला शून्य द्या पण मला कामावर जाऊ द्या. शून्य देता येत नाही असं पुस्तकात आहे. त्यांना सहा दिला.

मी मोठ्याने विचारलं, सगळ्यांना पत्ते मिळाले का? नेमके साहेब दारात. म्हणाले, कामाच्या वेळात पत्ते? आणि माझ्याशिवाय? पाच मिनिटं खुलासा करावा लागला. साहेबांचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला.

११:३०. राउटरचं आपोआप वाटप बंद केलं. मग राउटरच बंद केला, अंमलबजावणीत त्याची लुडबुड नको. सहाही कॉम्प्युटरवर आकडे हाताने भरले.

१२:१५. राउटर चालू केला.

१२:१६. कुणाचंच काही चालत नाही.

१:३०. अजूनही नाही. सुरुवातीला असं होतंच.

२:१०. बाई स्टूल घेऊन आल्या, डबी उलटी केली, खालचं स्टिकर वाचून दाखवलं. राउटरचा स्वतःचा आकडा १.

म्हणजे ही डबी गुपचूप साहेबांच्या जागेवर बसली होती! तिला हलवणं धोक्याचं, म्हणून साहेबांना २ वर आणलं. त्यांना सांगितलं, सुरक्षेसाठी केलंय, बाहेरचे हल्ले आधी एकवर होतात. साहेब म्हणाले, बरं. मी ३ वर, बाकीचे एकेक पायरी खाली. स्टोअरकीपर आणि ड्राफ्ट्समन यांनी पुन्हा नव्याने भांडून घेतलं.

४:००. चाललं! सगळं चाललं! प्रिंटरने ड्राफ्ट्समनचे तीन कागद सलग दिले. त्याने टेबलावर हात आपटला, पण आनंदाने. चहा सांडलाच.

४:३०. मोबाइलना वाय-फाय मिळत नाही अशी कुरकुर. तो दोष नाही, शिस्त आहे.

४:४०. बाईंनी विचारलं, आणि माझ्या टेबलावरचा फोन? तोही त्याच वायरीवर चालतो ना? त्याला पत्ता? मी हसून म्हणालो, बाई, फोनला नंबर असतो, पत्ता नसतो. त्यांनी रिसीव्हर उचलून बघितला, चालू होता. विषय संपला.

संध्याकाळी ७:३०. बायकोला म्हणालो, तुझ्या भावाला सांग, काही अडलं तर निःसंकोच विचार म्हणावं.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी ११.

विजयाचा दिवस. पत्त्यांची यादी सुबक अक्षरात काढली. खालच्या दुकानात लॅमिनेट करून आणतो. साहेबांच्या केबिनबाहेर लावू. रोजनिशी बरोबर घेतोय, दुकानात थांबावं लागलं तर तिची प्रस्तावना लिहीन, असं सगळ्यांना सांगून निघालो.

११:१२. लिफ्टमध्ये. लाइट गेले आणि चार-पाच सेकंदांत आले. लिफ्ट मात्र दोन आणि तीनच्या मधे उभी. घाबरायचं काही कारण नाही. या इमारतीची लिफ्ट आमच्याच देखभालीत आहे. याहून सुरक्षित जागा शोधून सापडणार नाही.

११:१४. घंटेचं बटण दाबलं. ते थेट आमच्या बाईंच्या फोनवर वाजतं.

११:१८. बाई फोन घेत नाहीत.

११:२५. तरीही घेत नाहीत. कमाल आहे. संकटातल्या माणसाला असं टांगून ठेवायचं? माझा मोबाइल टेबलावर चार्जिंगला.

११:३५. बाईंना द्यायच्या मेमोचा मसुदा याच पानावर: आपल्या अक्षम्य दुर्लक्षामुळे एका ज्येष्ठ कर्मचाऱ्यास

११:४०. जरा थांबतो. एक विचार आला.

११:४२. वीज गेली तेव्हा फोनही बंद पडून पुन्हा चालू झाला असणार. चालू झाल्या झाल्या तो राउटरकडे पत्ता मागणार. राउटर आता कुणाला पत्ता देत नाही. ते कुणी बंद केलं?

११:४३. मेमो रद्द.

११:५५. हाका मारल्या. खालून एक गृहस्थ ओरडले, लिफ्ट बंद आहे हो, जिन्याने या! मी म्हणालो, मी आत आहे. ते म्हणाले, मग बाहेर या. पावलं वाजली, ते गेले.

१२:०५. खाली बसलो. इथली फरशी आपल्या माणसांनी चांगली बसवली आहे. हॉस्पिटलच्या जुन्या लिफ्टचं बटणही बाईंच्याच फोनवर वाजतं. तिथे आत्ता कुणी अडकलं असेल तर? स्ट्रेचरवरचं कुणी?

१२:०७. याचा विचार करवत नाही. पुन्हा पुन्हा बटण दाबतोय. उपयोग नाही हे माहीत असून.

१२:२५. वरून आवाज. मिस्त्री. आणि त्यांच्यामागे ओळखीचं हं, हं.

दुपारी ३. बाहेर. मिस्त्रींनी वरच्या मशीनचं चक्र हाताने फिरवून लिफ्ट मजल्यावर आणली, मी मांडी घालून बसलेला प्रकट झालो. मेहुण्याने हात दिला. भाऊजी, लागलं नाही ना, एवढंच विचारलं. हसला नाही.

झालं असं. बायको मला फोन करत होती. मोबाइल टेबलावर नुसताच वाजतोय, ऑफिसचा फोन लागत नाही. शेवटी तिने बाईंच्या मोबाइलवर केला. इकडे बाईंनाही चैन नव्हतं. एरवी दर दहा मिनिटांनी वाजणारा फोन तासभर गप्प. त्यांनी रिसीव्हर उचलला तर आत सन्नाटा. बायकोने ताबडतोब भावाला पिटाळलं आणि बाईंनी मिस्त्रींना बोलावलं. मी अडकलोय हे कुणाला ठाऊकच नव्हतं. सगळ्यांना वाटलं मी दुकानात प्रस्तावना लिहितोय. लिफ्ट येईना म्हणून मिस्त्री आणि मेहुणा जिन्याने चढले, तेव्हा ती मधेच अडकलेली दिसली.

मेहुण्याने खुर्ची मागितली नाही, पाणीही नाही. राउटरचं आपोआप वाटप चालू केलं, माझे सगळे आकडे पुसले. मग दुखणं सापडलं: प्रिंटरला कुणीतरी कायमचा २५ देऊन ठेवला होता आणि राउटर तोच २५ उशिरा येणाऱ्याला वाटायचा. उशिरा येणारा म्हणजे ड्राफ्ट्समन. मेहुण्याने प्रिंटरला दूरचा आकडा दिला आणि तो वाटू नकोस असं राउटरला बजावलं. अकरा मिनिटं. बाईंचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. बाईंनी मला अर्धा कप चहा जास्त दिला.

साहेबांनी मिस्त्रींना सगळीकडे चौकशी करायला लावली. हॉस्पिटलात कुणी अडकलं नव्हतं. तेव्हा कुठे मी बाईंचा चहा प्यायलो. साहेब म्हणाले, त्या तासाभरात अख्ख्या गावात एकच माणूस अडकला, आणि तो आपला. सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांच्या थोडं नंतर.

तसं बघितलं तर मेहुण्याला अकरा मिनिटं पुरली ती मी चार दिवस पाया घातला म्हणून.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी ११.

नकाशे हॉस्पिटलला वेळेत पोचले. मोहीम फत्ते, असंच म्हणायला हवं.

बायको म्हणाली, भावाला एक फोन तरी करा. केला. मनापासून थँक्यू म्हणालो. तो म्हणाला, हं.

१२:३०. लिफ्टमध्ये माणूस अडकला की आमच्याकडे एक फॉर्म भरावा लागतो. अडकलेल्याचं नाव, वेळ, आणि शेवटी कारण, असा रकाना. भरायचं काम ऑफिस सांभाळणाऱ्याचं, म्हणजे माझंच. कारणात लिहिलं: वीज. बाईंनी परत केला. म्हणाल्या, विजेने लिफ्ट थांबली, फोन कशाने थांबला?

१:००. लिहिलं: तांत्रिक अडचण. बाई म्हणाल्या, कोणती?

२:१५. लिहिलं: पत्तेवाटपाच्या धोरणात्मक संक्रमणकाळातील तात्पुरता व्यत्यय. बाईंनी दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला.

३:३०. शेवटी खोडलं. स्वच्छ अक्षरात लिहिलं: मी. सही केली. अठरा वर्षांत इतका आटोपशीर अहवाल लिहिला नव्हता. थोडं हलकं वाटलं. फॉर्म साहेबांकडे.

४:४५. साहेबांकडून फॉर्म परत. शेरा: कारण मान्य. तपशिलाला जागा अपुरी, पुरवणी जोडावी.

५:५०. पुरवणी लिहितोय. आत्ता तिसरं पान.