स्वयंपाकघराच्या वाकड्या भिंतीबाबत

मी, नेलिदा एचेवेरी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार मोंतेविदेओ, गुडघे सोडले तर बाकी सर्व शाबूत असताना आणि कोणाच्याही दडपणाविना या मृत्युपत्रात लिहून ठेवते की :

१. राहते घर माझ्या मालकीचे नाही. ते सहकारी संस्थेचे; मला फक्त राहण्याचा हक्क. मिल्टन, लेका, घर विकायला त्या दलालाला पुन्हा दारात आणू नकोस. पत्र्याच्या खोपटांत राहणाऱ्या आम्हा लोकांनी सुट्टीच्या दिवशी विटा वाहून ही घरे उभी केली. कोणते घर कोणाचे, हे सगळी पुरी होईपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. म्हणून प्रत्येकाने प्रत्येक भिंत आपलीच समजून बांधली. एक सोडून.

२. राहण्याचा हक्क माझी नात यामिला हिला मिळावा. अट एकच : पलीकडच्या माळावर नवी कुटुंबे घरे बांधताहेत, तिथे तिने रविवारी सकाळी राबावे. नखे तुटतील, तुटू देत.

३. थापी आणि भिंत सरळ आहे का ते बघायचा दोरीचा ओळंबा यामिलाला. 'बायका काय विटा रचणार!' म्हणणाऱ्या मुकादमाच्या वारसांना माझे फुटके घमेले, सप्रेम.

४. ती वाकडी भिंत माझ्याच स्वयंपाकघरात आली. बांधणारा शेजारी वॉशिंग्टन पेरेइरा, गवंडी. तिच्यापायी कपाटाचे दार आजतागायत नीट लागत नाही.

"ओळंबा धरला होतास की पतंग?" मी जन्मभर टोमणे मारले.

"समोरून तू विटा घेऊन येत होतीस. ओळंब्याकडे कोण बघणार?"

"मेल्या, लाज वाटते का काही!"

दर रविवारी दुपारी तो दार ठीक करायला येतो, माते हा आमचा कडू पाल्याचा चहा पितो आणि विचारतो, "पाडून नवी बांधू?" मी म्हणते, "मी मेल्यावर."

आता लेखी सांगते : पाडायची नाही. भिंत सरळ असती, तर तू कशाला आला असतास रे? यामिला, रविवारी दुपारी घरी राहा. त्याला एकट्याने माते पिणे जमत नाही.

५. वकीलबाई म्हणतात, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. म्हणून वॉशिंग्टनला मी काहीही ठेवत नाही. नवरा ब्युनोस आयर्सला गेला तो गेलाच, ना परतला, ना घटस्फोट दिला. लग्नाच्या कागदाचे माझे नि वॉशिंग्टनचे राहूनच गेले. निदान या कागदावर माझ्या सहीखाली त्याची सही हवी. माझा फार जीव आहे त्याच्यावर.

मोंतेविदेओ, ९ जून २०१९
सही : नेलिदा एचेवेरी

साक्षीदार :
१. ग्रिसेल्दा मचादो, संस्थेच्या चिटणीस
२. वॉशिंग्टन पेरेइरा, गवंडी. वाचून सही केली. मरायची घाई करू नकोस. रविवारी येतो.