खांद्यावरचा हात

मंगळवार, संध्याकाळ. तेर.

अमेरिकेनं व्हिसाचे नियम कडक केल्यापासून मोठ्या जाऊबाईंकडं माणसांची रीघ लागली आहे. त्यांचा सुहास तिकडं नोकरीला आहे. त्याला परत पाठवतील की काय, या धास्तीनं त्या धड जेवत नाहीत. आज टीव्हीवाला आला. "मावशी, रडू आलं तर आवरू नका," म्हणाला. त्या रडल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बातमीत माझा फक्त तो हात दिसला.

खरं लिहायचं तर मला हेवा वाटला. माझा पोरगा कळंबला आडत दुकानात कामाला आहे, त्याची चौकशी कधी कुणी केली? काळजीसुद्धा त्यांचीच मोठी! पण तो हात मी धीर द्यायला ठेवला, की टीव्हीवर दिसायला? हात ठेवण्याआधी मी कॅमेऱ्याकडं बघितलं होतं, एवढं नक्की.

मघाशी जाऊबाईंचा फोन आला. "तुझा हात होता गं, म्हणून बोलता आलं. उद्या दुसऱ्या च्यानलवाले येणार हायत. तू येच."

मला खरंच भरून आलं. फोन ठेवला आणि कपाटातल्या हिरव्या बांगड्या काढून ठेवल्या. त्या लांबूनही उठून दिसतात.