सहावा रकाना: आपली माणसं

शनि. १९ मे २००७

वकीलबाईंनी सांगितलं म्हणून लिहायला बसले. एरवी मी रोजनिशी लिहिणाऱ्यांतली नाही. त्या म्हणाल्या, "'मारलं' एवढंच लिहू नका. कशाने, कुठे, किती वाजता, कोणी पाहिलं ते लिहा." गणिताच्या बाईला हे कळतं. पायऱ्या दाखवल्याशिवाय गुण नाहीत.

तर पायऱ्या.

मंगळ. १५ मे, पुणे, सकाळी ८.४०. माझी मुलगी मेघना, वय ३२, सॉफ्टवेअरमध्ये. बँकांचे प्रोग्रॅम लिहिते. जावई त्याच धंद्यात, दुसऱ्या कंपनीत. त्याचं पूर्ण नाव लिहिणार नाही. स. म्हणजे तो. शर्टाला चुणी राहिली. आधी इस्त्रीची वायर, मानेभोवती. मग गरम इस्त्री, डाव्या दंडावर. ती मागे सरकली तेव्हा कुकरचं झाकण, खांद्यावर. पाहिलं: सईने. त्यांची मुलगी, वय सहा.

गुरु. १७, दु. १. दोघी नाशिकला माझ्या दारात. एक प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सर्टिफिकेटांची फाइल आणि सईचे बूट. मेघनाने मे महिन्याच्या उन्हात लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता. आणि मी पहिलं वाक्य बोलले ते, "जावई कुठे आहेत?"

त्याच दिवशी धोंड्याचा महिना लागला होता. तीन वर्षांनी येणारा अधिक महिना, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. तीन दिवस भिजवलेले तांदूळ मी सकाळीच उपसून पंच्यावर पसरले होते. स.साठी.

सोम. २१ मे

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात? मेघना म्हणाली, जिन्यावरून. मी म्हणाले, कुकरचं झाकण. त्यांनी तसं लिहिलं. गळ्याजवळचं हाड तडकलंय. शिवाय दोन बरगड्या, मोडून आपोआप जुळलेल्या. कधीच्या ते सांगेना. परतताना रिक्षात बोलली. दिवाळीच्या आधीच्या.

दिवाळीत ती इथेच होती. मी चकल्या पाडत होते. ती म्हणाली होती, आई, तो वस्तू फेकतो. मी सोऱ्या फिरवत म्हणाले होते, सगळेच फेकतात, जरा सांभाळून घे.

हे कोर्टाच्या कामाचं नाही. तरी लिहिलं.

दुपारी पो. स्टे. हवालदार सभ्य आहे. घरगुती मामला, त्यातून पुण्याची हद्द, म्हणाला. अर्ज ठेवून घेतला.

सई बोलत नाही फारशी. शेजारच्या भाजीवालीशी माझा आवाज थोडा चढला तर हिने आत जाऊन टीव्ही मोठा केला. इतका की भांडी थरथरली. मेघना म्हणाली, त्यानेच शिकवलंय. आवाज सुरू झाले की कार्टून मोठं करायचं.

तांदूळ वाळले होते. पाण्याचा हात लावून दळले, गूळ घातला, गोळा करून बरणीत ठेवला. का ते माहीत नाही. धान्य टाकवत नाही.

बुध. २३ मे

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्याआधी गाव ठरलं पाहिजे. पुणे नाही. मुंबईत एकटीच्या पगारात भाडं आणि पाळणाघर बसत नाही. नाशिकला तिच्या कामाच्या कंपन्या दोनच, एकीत स.चा वर्गमित्र.

जुन्या परीक्षेच्या कागदावर तक्ता आखला. सहा रकाने, प्रत्येकाला दहा गुण: काम, भाडं, शाळा, पाणी, दवाखाना, आपली माणसं.

इंदूर ५२. नागपूर ५१. बडोदा ४९. हैदराबाद ४४ (काम दहापैकी दहा, पण आपलं कोणी नाही). म्हैसूर, कोइमतूर त्याहून खाली. इंदुरात माझी मावसबहीण, मराठी शाळा, भाडं पुण्याच्या निम्म्याने. मी लाल पेनने इंदूरला गोल केला. मेघना गळ्यातल्या झोळीतला हात धरून बघत राहिली.

शुक्र. २५ मे

आज बोलली. चहा पिता पिता.

"आई, सहावा रकाना उलटा आहे."

म्हणजे काय?

"जिथे आपली माणसं, तिथे तो दोन फोनमध्ये पोचतो. मावशी त्याला जेवायला वाढेल आणि माझा पत्ता सांगेल. वाईट म्हणून नाही. जावई म्हणून."

मी म्हणाले, माझी बहीण तसली नाही. ती म्हणाली, "तूही दार उघडून आधी त्यालाच विचारलंस."

पस्तीस वर्षं वर्गात कोणी मला असं उत्तर दिलं नव्हतं. रकाना पेन्सिलीचा होता, खोडरबराने पुसून पुन्हा भरला. आपलं कोणी नाही, दहा. मावसबहीण, शून्य. इंदूर खाली आलं. पण गोल लाल शाईचा होता, तो पुसता आला नाही.

सोम. २८ मे

मेघनाने सायबर कॅफेतून नोकरीच्या साइटवर अर्ज टाकलाय. मोबाइल त्याने फोडला, म्हणून घरचा नंबर दिला.

दु. १२.१५ फोन. गोड आवाजाची मुलगी, कंपनीतून बोलतेय म्हणाली. मॅडम आहेत का? मेघना डॉक्टरांकडे गेली होती. कोणतं शहर पसंत करतील? मी म्हणाले, इंदूर. तक्ता समोर होता. लाल गोल डोळ्यांत भरला.

मेघनाने येऊन कंपनीचं नाव विचारलं. मी विचारलंच नव्हतं. ती खाली बसली. असे फोन त्याच्या ऑफिसातली कोणीही करील, म्हणाली.

इंदूर खोडलं. आडव्या दोन रेघा.

गुरु. ३१ मे

धाकट्या दिरांचा फोन, पिंपळगावहून. भाऊजींचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे, माणूस भला, हे गेल्यापासून माझ्या घरी वर्षाचा कांदा तेच टाकतात. स. त्यांच्याकडे जाऊन आला. रडला म्हणे. पाया पडला.

"वहिनी, धोंड्याचा महिना हे. जावयाला उंबऱ्यावरून परत नसतं लावायचं. लय पस्तावलाय तो."

मी म्हणाले, बरगड्या दोन, हाड एक, भाजलेलं तीन इंच. ते म्हणाले, तुम्ही तर बाई हिशेबच मांडता. मी म्हणाले, आणू नका. फोन ठेवला.

रवि. ३ जून

आजच लिहिते. वेळा घड्याळात पाहून.

सकाळी ११.२०. बेल. "वहिनी, मी." भाऊजींचा आवाज. उघडलं. त्यांच्या मागे स. नवा शर्ट, हातात साडीचा बॉक्स. भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, दोन शब्द बोलतील, मिटंल. स.ने वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले.

मेघना सईला घेऊन आतल्या खोलीत, कडी लावून. स.ने पाणी मागितलं. मी दिलं. हे लिहायला हवं, पाणी मी दिलं. पेला खाली ठेवत हसून म्हणाला, "इंदूरला उन्हाळा फार, आई. सईला सोसणार नाही."

११.३५. आत टीव्ही मोठा झाला.

तो उठला. देवाजवळची पितळी समई उचलली, उलटी धरली, दारावर घातली. तिसऱ्या घावाला फळी फुटली. भाऊजींनी मागून मिठी मारली, त्यांना त्याने भिंतीवर फेकलं. कवळी दोन तुकडे. मग फळीच्या भोकातून हात घालून मेघनाची वेणी पकडली आणि ओढली. तिचं डोकं आतून दारावर आपटलं. एक. दोन. तीन. चार. मी मोजत होते. सवय.

स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. फळीच्या कडेवर त्याचं मनगट आडवं होतं. घातला. पहिल्या घावाला त्याने वेणी सोडली नाही. दुसऱ्याला आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि बोटं उघडली.

तो माझ्याकडे वळला. खरोखर आश्चर्याने म्हणाला, "आई, तुम्ही मला मारलंत?" मग पोटात लाथ. मी ओट्यापर्यंत गेले. तोंडात रक्त, माझंच, जीभ चावली.

११.४५. नवी साडी बॉक्समधून ओढून हाताला गुंडाळली आणि निघून गेला. फाटक लावून घेतलं. समोरच्या घराची खिडकी उघडी होती, ती बंद झाली.

मेघनाच्या कपाळाला सहा टाके.

आणखी एक. मला तिसराही घालायचा होता. वही वकीलबाईंना देण्याआधी ही ओळ खोडीन.

सोम. ४ जून

आता आपली हद्द. गुन्हा नोंदवला. समई पोलिसांकडे जमा. वरवंटाही.

भाऊजी ओसरीवर बसून होते, बिनदातांचे. मी चहा दिला. म्हणाले, "वहिनी, म्या दार उघडाया लावलं." मी म्हणाले, हो. सुतार त्यांनीच पाठवला.

शुक्र. ८ जून

काम मिळालं. छोटी कंपनी, पाच वाजता सुट्टी, शाळा चालत दहा मिनिटांवर, दोन खोल्यांचं भाडं पगाराच्या पाव हिश्शात. मुलाखत फोनवर झाली, मेघना पीसीओच्या काचेच्या खोक्यात उभी, डोक्याला पट्टी, हात गळ्यात, इंग्रजीत एकामागून एक उत्तरं. बाहेरून मला ती हसताना दिसली. कामाविषयी बोलताना ती हसते हे मी विसरले होते.

गाव इथे लिहिणार नाही. ही वही कोर्टात जाईल, तिथे स.चा वकीलही वाचेल. सहाव्या रकान्यात दहापैकी दहा, एवढंच.

मग लक्षात आलं. दहा टिकवायचे तर मीही तिथे जायचं नाही. तो माझ्या मागे येईल. मीही 'आपली माणसं'च. मेघनाला म्हणाले. तिला आधीच माहीत होतं.

संध्या. हवालदार येऊन गेला. स.चं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. त्याने उलट तक्रार दिली आहे. जबाब असा की मी धोंड्याचं वाण न्यायला गेलो आणि सासूने हात मोडला. पो. स्टे.त यावर हसू झालं म्हणे. अटकेचं विचारलं तर म्हणाला, जामीन झाला. पुढे म्हणाला, "मॅडम, वाण बाकी आहे म्हणून तो पुन्हा दारात येईल. काय करणार?"

मी म्हणाले, वाण देणार. तुमच्या टेबलावर.

रवि. १० जून

बरणीतलं पीठ काढलं. चांगलं मुरलं होतं. खसखशीवर थापून तुपात सोडला, पहिलाच हसला. तुपात सुटून, विरघळून गेला. सई शेजारी स्टुलावर उभी.

"आजी, हसला म्हणजे चांगला ना?"

"नाही. अनारसा हसला की बिघडला."

तिने जरा विचार केला. "बाबा पण आधी हसतो," म्हणाली.

आच कमी केली. पिठात तांदळाची पिठी मिसळली. पुढचे सगळे जमले. चौतीस केले. एक सईने खाल्ला, गरम, बोटं भाजत.

सोम. ११ जून

सकाळी ९.३०. गेल्या. कोणत्या वाटेने ते नाही लिहीत. भाऊजींनी जीप दिली, ड्रायव्हरला अर्ध्या वाटेपर्यंतच माहीत, पुढचं नाही.

मेघनाला दिलं: सर्टिफिकेटांची फाइल, सईचा जन्मदाखला, एक्स-रे, कांद्याची पिशवी. तक्ता दिला नाही, चुलीत घातला. सईला माझं मनगटी घड्याळ. वेळ बघायला शिकवली आहे.

मेघना जीपमध्ये बसल्यावर म्हणाली, आई, तू दार लगेच उघडू नकोस. मी म्हणाले, बरं. इतकंच. दोघींनाही रडायला वेळ नव्हता.

घरात आल्यावर टीव्ही लावला. मोठा.

गुरु. १४ जून

पो. स्टे., सकाळी ११. वकीलबाई बरोबर. स. आधीच बसलेला, उजवा हात प्लॅस्टरमध्ये. सगळ्यांना नमस्कार, डाव्या हाताने. अनारशाचा डबा पाहून हवालदाराला म्हणाला, बघा, सासूबाई मायाळू आहेत. मग मला, हळूच, "सई कोणत्या शाळेत जाते?" मी परत द्यायच्या वस्तूंची यादी पुढे सरकवली. म्हणाले, मोजून घ्या.

त्याने तेहतीस मोजले. एक उचलून हुंगला, परत ठेवला.

दोन प्रती केल्या. माझी प्रत या वहीत चिकटवते. मजकूर असा:

आज रोजी जावयांच्या ताब्यात दिलं:
१. शर्ट तीन, पँट एक. दिवाळीत राहिलेले. इस्त्री केलेले. चुणी नाही, तपासून घेतलं.
२. मंगळसूत्र एक. सर तुटलेला. मणी पुडीत.
३. साडीचा बॉक्स, रिकामा.
४. अधिक महिन्याचं वाण, अनारसे तेहतीस. यापुढे कोणतंही वाण बाकी नाही.
५. स्टीलचा डबा, झाकणासह. डबा परत नको.

देणार: माझी सही. साक्ष: हवालदार. घेणार: स.ची सही, डाव्या हाताची.

सहीखाली त्याने स्वतःहून एक ओळ घातली. पहिलीतल्या मुलासारखी वाकडी अक्षरं, पण वाचता येतात:

'डबा रिकामा परत करायचा नसतो. भरून घेऊन येईन.'