पत्र्याखालची लोकर

मी, राजकन्या दयानंद बिरादार, वय चौसष्ट, राहणार नांदेड, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. दीर शिवशंकरराव एखादे दाखवतील, ते खोटे समजावे.

१. लातूरचे घर मुलगी दीपमाला हिला. परसातले सीताफळ तोडू नये. त्याच्या सावलीत बसून यांनी, माझ्या यजमानांनी, मला रॉकवूल ही दगडी लोकर कापायला शिकवले.

२. गिरण्यांच्या वाफेच्या पायपांना लोकर आणि वरून पत्रा गुंडाळण्याचा नांदेडचा कारखाना माझ्या नावावर, माझ्या कमाईचा आहे. तोही नावाच्या पाटीसकट दीपमालाला. शिवशंकरराव ‘भावाचा धंदा’ म्हणतात. भाऊ, म्हणजे हे, वारल्यावर तो मी चालवला.

३. दीपमालाने थराची जाडी वाफेच्या उष्णतेवरून ठरवावी, गिऱ्हाइकाच्या घासाघिशीवरून नव्हे. पत्र्याचा जोड खाली तोंड करून ठेवावा. पावसाचे पाणी शिरले की लोकर भिजते आणि आतला पाईप गंजतो. काम सोपवण्यापूर्वी, वाफ चालू असताना, पत्र्यावर उघडा तळहात ठेवून अख्खी ‘अवर फादर’ प्रार्थना म्हणावी. मी कॉन्व्हेंटात शिकले, म्हणून मला ती सवय. तिने मारुतिस्तोत्र म्हटले तरी हरकत नाही. शेवटच्या शब्दापर्यंत हात टिकला पाहिजे; भाजला तर थर कमी पडला. लहानपणी प्रार्थना संपली तरी ती हात काढत नसे, मलाच उचलावा लागे.

४. देगलूरच्या एका तेलगिरणीत पंचाहत्तर मिलिमीटर हवे तिथे शिवशंकररावांनी आमच्या नावावर पंचवीसच गुंडाळले. विचारले तर म्हणाले, “वहिनी, पत्र्याखाली काय हाय ते कोण बघून राहिलंय?”

“वाफ बघून राहिली. ठेवा हात.”

“बाईमाणसानं पायपातलं सांगू नये.”

हात मात्र खिशातच राहिला. मी सगळे उलगडून पुन्हा केले. म्हणूनच ती पाटी त्यांना मिळणार नाही. त्यांनी कोर्टात खुशाल जावे.

५. माझ्या लग्नात शिवशंकरराव शाळकरी होते, माझ्या हातचे जेवून मोठे झाले. त्यांना रिकामे पाठवत नाही. माझ्या यजमानांचे चामडी हातमोजे त्यांना द्यावेत. स्वतः गुंडाळलेल्या पायपाला हात लावायची वेळ आली, तर लागतील.

वरील मजकूर मीच लिहिला, वाचला आणि सही केली. या हातावर भाजल्याची एकही खूण नाही.

(सही) राजकन्या दयानंद बिरादार

आमच्यादेखत सही झाली:
चंद्रप्पा मठपती, देगलूर
केवळाबाई पांचाळ, नांदेड

नांदेड, १४ जुलै २०२४