छतातून उजेड येणारी खोली

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मला तुझा राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते.

२००५ साल. आपण पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमध्ये राहतोय, मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. बाबांच्या व्हिसावर तुला नोकरी करता येत नाही, म्हणून तू जेवणाच्या टेबलावर चित्रं काढतेस आणि बाबांची गाडी आली की सगळं आवरतेस. लायब्ररीतून तू एका फर्स्ट लेडीचं चरित्र आणलं होतंस. कणीक मळता मळता मला सांगायचीस, "अगं, केवढी चित्रकार! न्यूयॉर्कला शिकत होती, लग्नासाठी सोडलं. नवरा इथे प्रिन्स्टनला प्रोफेसर. तीन मुली, पाहुणे, त्याची कामं. पन्नाशीत प्रदर्शनाला चित्र पाठवलं ते दुसऱ्याच नावाने, नवऱ्याकडे बघून घेतलं असं कुणी म्हणू नये म्हणून. तो राष्ट्राध्यक्ष झाल्यावर व्हाइट हाउसमध्ये छतातून उजेड येणारी खोली मिळाली. दीड वर्षात तिथेच गेली बिचारी."

"दॅट्स सो सॅड, आई."

"सॅड काय? खोली मिळाली ना शेवटी!"

तेव्हाच मला ओरडावंसं वाटलं होतं. एवढं वाचून तू हे शिकलीस?

मग गावातल्या प्रदर्शनात तुझं चित्र निवडलं गेलं. पार्किंग लॉटमधला मळका बर्फ आणि त्यात रुतलेली एक लाल गाडी. उद्घाटन शनिवारी दुपारी, आणि त्याच दुपारी बाबांच्या टीमची आपल्याकडे पार्टी. बाबा म्हणाले, "तुझं कॅन्सल कर ना. चित्र काय पळून जाणार आहे?" तू नुसती "बरं" म्हणालीस. भांडली नाहीस, रडलीही नाहीस. बटाटे उकडायला लावलेस.

मी एकटीच गेले. तुझं चित्र दारासमोरच लावलं होतं. एक म्हातारी बाई त्याच्यासमोर कितीतरी वेळ उभी होती. तिने मला विचारलं, हे कुणी काढलंय? माझ्या आईने, म्हटलं. मग ती कुठे आहे? मी सांगितलं, घरी वडे तळतेय. ती हसली, तिला गंमत वाटली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

घरी आले तर एक काकू सगळ्यांना सांगत होत्या, "हिला पेंटिंगची हॉबी आहे हं!" आणि तू हसत चटणी वाढत होतीस.

तीन वर्षांनी तू गेलीस. खोलीबिली काही मिळाली नाही. भेटायला आलेले लोक म्हणत होते, किती सोशिक होती. बाबाही तेच म्हणाले आणि रडले. त्या शब्दाने माझ्या डोक्यात तिडीक गेली, अजून जाते.

हे सगळं लिहून खरं तर मी बाबांना वाचून दाखवणार होते. पण दर रविवारी मी त्यांच्याकडे जाते, ते आता म्हातारे झालेत, स्वतःच चहा करतात, आणि मी तो पिऊन कागद पर्समधून न काढताच परत येते. तुझ्यावर चिडणं सोपं आहे, आई. तू उलट बोलत नाहीस.