नाताळचं पाणी

आप्पा,

मायना सोडून दिला आहे. तुम्ही असताना 'तीर्थरूप'पासून 'विज्ञापना'पर्यंत एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी त्याभोवती लाल शाईचं वर्तुळ काढून पत्र मलाच परत पाठवायचात. माझी खुशाली मलाच टपालानं कळायची. आता तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही आहात तिथे लाल शाई असेलही, पण उलट टपाल नाही, तेव्हा जरा मोकळं लिहितो.

आज सकाळी नौपाड्याहून एक गृहस्थ आले होते. तुमच्या जागी हल्ली मी बसतो, त्याच पाटावर, आणि लोक मलाही शास्त्रीबुवा म्हणतात. तुम्हाला हसू येईल. पण तुमच्यामागे गावात दुसरा कोणी उरला नाही, एवढंच त्याचं कारण. या गृहस्थांचा मुलगा विलायतेहून परत येतो आहे. त्यांनी नारळ पुढे ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, पोरगं लिहितं, बोटीवर कुणाकुणाच्या हातचं पाणी प्यायलो. आता हे लिहिलं नसतं तर काय बिघडत होतं हो?" मी त्यांना उद्या या म्हणालो. ते गेले, आणि तेव्हापासून मी बसलो आहे ठाण्यात, पण मन आहे एडनला.

खरं लिहिण्याचा मूर्खपणा मीही केला होता. तेविसाव्या वर्षी, व्याकरण मुखोद्गत असलेला मी एडनच्या बंदरावर कारकून झालो, कारण ठाण्यात व्याकरणानं पोट भरेना. पहिल्याच वर्षी ताप आला. शुद्ध हरपली होती. समोरच्या खोलीतल्या बाईंनी तीन दिवस माझ्या तोंडात पाणी घातलं. बाई आपल्या ठाण्याच्याच, खाडीकाठच्या मिठागरावर वाढलेल्या, जातीनं ख्रिस्ती. नवरा कोळशाच्या वखारीत मुकादम. बरा झालो आणि हे सगळं सालंकृत तुम्हाला लिहून कळवलं. या खेपेस तुम्ही वर्तुळ काढलं नाहीत. दोन ओळी आल्या: "पत्र पावलं. यापुढे पाठवू नये."

दोन वर्षं गेली. मग ताईचं लग्न कल्याणला ठरत आलं आणि अडलं. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, मुलीचा भाऊ पंगतीत आहे की पंगतीबाहेर, ते आधी सांगा, मग मुहूर्ताचं बोलू. अर्ध्या जिल्ह्याला धर्मशास्त्राची व्यवस्था देणारे तुम्ही, घरच्या प्रश्नाचा निर्णय देईनात. तेव्हा आई म्हणाली, हे तिनंच मला पुढे सांगितलं, "दुसऱ्यांच्या पोरांचं ऐकून ठरवता, आपल्याचं निदान बघून तरी ठरवा." आणि तुम्ही निघालात! समुद्र ओलांडायचा म्हणजे दोष; पण एडनचा कारभार मुंबईहून चालतो, सबब तो परदेशच नव्हे, असा निर्णय तुम्ही बोटीच्या शिडीवर उभं राहून दिलात. तुमच्या उभ्या आयुष्यातला सर्वांत चपळ शास्त्रार्थ तो.

नाताळाला तीन दिवस उरले होते. बोटीतून उतरता आहात: खांद्यावर उपरणं, बगलेत दर्भासन, मागे हमालाच्या डोक्यावर लाह्यांच्या पिठाचं गाठोडं आणि पाण्याचा हंडा, आठ दिवसांच्या प्रवासात आटून तळाशी गेलेला. मी नमस्काराला वाकतो तर तुम्ही दोन पावलं मागे सरकता. "लांबूनच," म्हणता. मग गाठोड्यातून एक तांब्याचा गडू काढून खाली ठेवता, मी उचलावा म्हणून. "तुझ्या आईनं दिलाय. तलावाचं पाणी आहे." काशीहून गंगाजल आणतात तसं तिनं त्याचं तोंड राळेनं बंद केलं होतं. आपल्या मासुंदा तलावाच्या पाण्याला एवढा मान मिळाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

एडनला विहिरीचं पाणी खारट आणि पाऊस ऐकीव. साहेबानं बंदरावर मोठी भट्टी लावली होती. समुद्राचं पाणी उकळायचं, वाफ धरायची, ती थंड करायची. ते पाणी उंटाच्या गाडीवरून, पिंपांत भरून, एक दिवसाआड घरोघर येई. तुम्ही स्वतः भट्टी पाहायला गेलात. तासभर उन्हात उभे होतात. परत येऊन म्हणालात, "सूर्य तरी दुसरं काय करतो? हे पावसाचंच पाणी. ग्राह्य आहे." माझा जीव भांड्यात पडला. पण लगेच पुढचं वाक्य आलं: "पाणी शुद्ध आहे रे. घराचं काय?"

आणि तुम्ही घर शुद्ध करायला घेतलंत. जमीन धुतलीत. खाट धुतलीत. पळी, तवा, परात, माझे जोडे ठेवायची फळी, दाराची कडी, सगळं धुतलंत. त्रिकाळ स्नानं झाली. वर माझी सावली कुठे पडली यावरून रोज चौथं निघालं. नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दोन्ही रांजण उपडे पडले होते आणि खोली अशी लखलखत होती की तीत माणसानं राहणं हाच दोष वाटावा. "आता कसं," म्हणालात तुम्ही, कमरेवर हात ठेवून. मी विचारलं, "आप्पा, उद्या प्यायला काय?" "गाडी येईल ना?" गाडी यायची नव्हती. साहेबाचा सण, भट्टी दोन दिवस बंद. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, पण तुम्ही धूत असताना मध्ये बोलायची आपल्या घरात पद्धत नव्हती.

नाताळच्या सकाळी तुमच्या हंड्यात थेंब नव्हता. पाणी नसेल तर धुळीनं अर्घ्य द्यावं अशी शास्त्रात सोय आहे, आणि धुळीच्या बाबतीत एडन फार श्रीमंत. तुम्ही तसं अर्घ्य दिलंत. पण धूळ पिण्याची सोय शास्त्रानं केलेली नाही. उन्हं वर आली. भिंतीला टेकून तुम्ही बसला आहात, ओठांवरून जीभ फिरवता आहात, आणि समोरच्या खोलीतून आपल्याच खाडीकाठच्या चालीवर सणाची गाणी ऐकू येताहेत. "हे मराठीत गातात?" तुम्ही विचारलंत. "मग काय लॅटिनात गाणार? ठाण्याची माणसं आहेत," मी म्हणालो. बऱ्याच वेळानं तुम्ही विचारलंत, "आईनं दिलेला गडू आहे का रे?" मी म्हणालो, "तो आल्या दिवशीच प्यायलो. राहवलं नाही." तुम्ही मान हलवलीत. रागावला नाहीत. मला वाटतं, तुम्हाला ते आवडलं होतं.

दुपारी बाई आल्या. नवं लुगडं, केसांत कागदाचं फूल, कमरेवर घागर. उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"शास्त्रीबाबा, सनाचा दीस हाय. दोन दिसांपासून आयकते मी, पानी ओतता नि ओतता. आज आवाज न्हाय. संपला ना?"

तुम्ही उपरणं सावरलंत.

"माझ्या बापानं जलमभर दर्या आटवून मीठ काडला," बाई म्हणाल्या, "आन हितं सायब दर्या आटवून पानी काडतो. तुमच्या घरात त्योच पानी, माझ्या घरात त्योच."

"पाण्याचा प्रश्न नाही, बाई," तुम्ही म्हणालात. आवाज फाटला होता. "घागर नवी आहे का?"

"नवी न्हाय," बाई म्हणाल्या. "पन रिकामी बी न्हाय."

आप्पा, तुमच्यासमोर काशीचे पंडित बसलेले मी पाहिले आहेत. त्यांच्यातल्या कोणी तुम्हाला इतकं थोडक्यात गप्प केलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "तापात तुला पाणी दिलं ते यांनीच?" मी हो म्हणालो. "याच घागरीतलं?" बाईंनीच सांगितलं, "येकच घागर हाय माझ्याकडं." तुम्ही उठलात, उंबऱ्यापाशी गेलात, ओंजळ पुढे केलीत. बाईंनी घागर कलती केली, धार मनगटावरून ओघळली. तुमची ओंजळ स्थिर होती. तीनदा भरून प्यायलात. मग तोंड पुसून म्हणालात, "या पाण्याला चव नाही." बाई हसल्या. "दर्याचा खारटपना सायबानं काडला, आता चव कुठना येल?"

त्या संध्याकाळी तुम्ही त्यांच्या ओटीवर बसलात, अर्थात स्वतःच्या दर्भासनावर. खजूर खाल्लेत, फळाला दोष नाही म्हणून. मुकादमानं गवत आणि पुठ्ठ्याचा देखावा मांडला होता. गाय, गाढव, मध्ये बाळ. तुम्ही बारकाईनं पाहिलंत. "जन्म गोठ्यात झाला?" "व्हय शास्त्रीबाबा." "मग गोमय होतंच. जागा शुद्ध आहे." मुकादमाला ते कळलं नाही, पण पाहुण्यानं आपल्या देवाला पास केलं एवढं त्याला उमगलं आणि त्यानं आणखी खजूर पुढे केले. परदेशात मी सात नाताळ काढले. घरचं माणूस जवळ होतं असा तो एकच.

पुढचं गावाला ठाऊक आहे. मला बरोबर घेऊन तुम्ही परतलात, देवळाच्या मंडपात चार शहाण्यांना आणि कल्याणकरांना बोलावलंत आणि उभं राहून म्हणालात, "मुलगा बेशुद्धीत प्यायला. मी शुद्धीत प्यायलो. तेव्हा आधी माझं प्रायश्चित्त, मग त्याचं." शेंडीपुरते केस राखून तुमचं क्षौर झालं, मिशाही गेल्या. माझ्या शेजारी बसून तुम्ही पंचगव्य घेतलंत. कल्याणकरांचा प्रश्न मिटला. ज्यानं न विचारता सांगितलं त्याला आणखी काय विचारायचं? ताईचं लग्न त्याच वैशाखात झालं, मी पंगतीत तुमच्या उजव्या हाताला होतो, आणि मग पुन्हा एडनला गेलो तेव्हा तुमची पत्रं येऊ लागली, लाल शाईसकट. तुमचं ते मंडपातलं वाक्य गावात अजून दाखल्यासारखं सांगतात. मीही सांगतो.

उद्या ते गृहस्थ येतील. मुलाला पंगतीत घ्या, म्हणेन. प्रायश्चित्त साधं सांगेन. वर हेही सांगेन की तुमच्या मुलानं लिहिलं ते बरं केलं. हे सांगायला मी पात्र आहे का, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याची व्यवस्था द्यायला तुम्ही नाही.

कारण गडू मी प्यायलो नव्हतो. तो पेटीत होता, धोतरांच्या खाली, राळेसकट. तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्यापासून दोन हातांवर होता. तुम्ही माझ्यासारखे व्हावेत म्हणून मी तुम्हाला तहानेलं ठेवलं. ताईचं लग्न, आईचं मन, ही कारणं मी नंतर जमवली. त्या घटकेला मला फक्त तुमची ओंजळ त्या घागरीखाली पाहायची होती. तुमच्या अखेरच्या दिवशी आम्ही तुमच्या तोंडात गंगाजल घातलं. गडू तेव्हाही माझ्या पेटीत होता, आणि तेव्हाही मी तो काढला नाही, कारण काढला असता तर सांगावं लागलं असतं.

आता तो माझ्यासमोर आहे. हलवला की आत पाणी वाजतं. राळ अजून आईनं लावली तशीच आहे. हे पत्र त्याच्याखाली ठेवतो.