सापडल्याचं कोणी सांगत नाही

माय,

परवा वर्ध्याच्या कॉलेजातली एक मुलगी आमच्या वडनेरात घरोघर फिरत होती. हातात छापलेले कागद. मी अंगणात तूर निवडत बसले होते. माझ्यासमोर टेकून तिनं विचारलं, "आजी, तुम्ही अजून रेडिओ ऐकता का? आणि का ऐकता?" उत्तरं कागदावर आधीच होती: बातम्या, गाणी, शेतीची माहिती, सवय, इतर. मी म्हटलं, सवय. तिनं खूण केली, पाणी प्यायली आणि पुढच्या घरी गेली. सून हसून म्हणाली, "बरं झालं आई, 'इतर' नाई म्हटलं. नाई तं तिनं खुलासा मागतला असता."

ऐकणारे आहेत अजून, माय. आमच्या गल्लीतला शिंपी मशीनवर बसला की दिवसभर लावून ठेवतो. म्हणतो, टीव्हीकडे पाहावं लागते, याच्याकडे पाहावं नाही लागत. कडेच्या वावरात रानडुकरं येतात म्हणून एक जण मचाणावर रेडिओ सुरू ठेवून घरी येतो. माणसाचा आवाज आहे असं जनावराला वाटलं म्हणजे झालं. पोरानं मलाही नवा सेट आणून दिला, त्यात हजार गाणी भरलेली आहेत म्हणे. ती मी कधी लावली नाहीत. संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी मी हातातलं काम ठेवते, बसते आणि अर्धा तास ऐकते. का, ते त्या मुलीला सांगणं शक्य नव्हतं. तुला सांगायला हवं होतं. त्यासाठी तुला ठाऊक असलेलंही थोडं परत सांगावं लागेल, कारण त्यात एक गोष्ट तुला ठाऊक नसलेली आहे.

तो दिवस आठव. कारंजाचं आपलं किराणा दुकान, समोर हायवे, हायवेच्या पलीकडे ढाबा. बाबा माल आणायला गेलेले आणि गादीवर दादा. तेव्हा एकोणीस वर्षांचा होता तो, मी सतरा. ढाब्यावर रेडिओ होता आणि त्यावर क्रिकेटची कॉमेंट्री चालली होती. आपल्या घरी रेडिओ नव्हता, पोरं बिघडतात असं बाबांचं मत. दादा पाच मिनिटांसाठी म्हणून रस्ता ओलांडून गेला आणि तिकडेच रमला. एका गायीनं हरभऱ्याच्या पोत्यात तोंड घातलं, पोतं कलंडलं आणि अर्धा हरभरा रस्त्यावर. नेमके तेव्हाच बाबा आले. त्यांनी त्याला ढाब्यावरून कॉलर धरून आणलं आणि ट्रकवाल्यांसमोर पायातल्या चपलेनं मारलं. दादा खाली बसून हरभरा वेचत राहिला. "पुन्हा तोंड नको दाखवू मले," बाबा म्हणाले. रागाच्या भरात कोणताही बाप म्हणतो. दादानं ते खरं धरलं. सकाळी तू त्याला उठवायला गेलीस तर अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं.

आठ दिवस शोधाशोध झाली. मग कोणीतरी सांगितलं की हरवलेल्या माणसांची नावं रेडिओवर वाचतात. माझं अक्षर चांगलं म्हणून अर्ज मी लिहिला, चुलीपाशी बसून, तू सांगशील तसा. उंची सांगताना तू हात वर करून दाखवलास, मी अंदाजानं आकडा लिहिला. रंग गव्हाळ, उजव्या भुवईवर जुनी खूण. मग तू म्हणालीस, "लिही, पोळीच्या आधी भात खाते. झोपीत दात खाते." मी म्हटलं, माय, असं नाई लिहीत. "मंग त्याले ओळखतीन कसे?" तू विचारलंस. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आई आजारी आहे, लवकर ये, असं टाका. सगळे टाकतात." तू मान हलवलीस. "मी कुठं आजारी हाव? खोटं नको लिहू. लिही, बाबा रागावनार नाई, ये." बाबा दारात पाठ करून बसले होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. मी ते वाक्य लिहिलं, पण अर्जात असल्या वाक्याला जागा नसते. रेडिओवर आलं तेव्हा चारच ओळी होत्या, शेवटी पोलीस ठाण्याचा नंबर.

पण ते ऐकायला घरात रेडिओ आला होता. बाबा स्वतः वर्ध्याला जाऊन घेऊन आले, ओट्यावर ठेवला आणि दुकानात जाऊन बसले. त्यांच्यानं माफी एवढीच मागितली गेली.

त्यानंतर तू रोज ऐकू लागलीस. दादाचं नाव पुन्हा येणार नाही हे कळल्यावरही. बातम्या, मग हरवलेल्यांची निवेदनं. तुझे हात पिठात असले तर पिठात, कोणी दारी आलं तर त्यानं थांबायचं. माझं लग्न झालं, मी वडनेरला आले; दिवाळीला माहेरी यायचे तेव्हा तुझ्याशेजारी बसायचे. हळूहळू तू दुसऱ्यांच्या हरवलेल्यांची काळजी करायला लागलीस. "आर्वीकडली ते बोलता न येनारी पोरगी, सापडली असन काय वं?" मला कसं माहीत असणार? तू म्हणायचीस, "हरवल्याचं सांगतात. सापडल्याचं कोनी सांगत नाई. तेही सांगाले पाह्यजे." मग पोळ्या लाटायला लागायचीस.

आता ती दुसरी गोष्ट.

दादा गेल्याला चौथं वर्ष होतं. आमच्या घरी दुपारची वेळ, सासरे वावरात, सासूबाई आत पडलेल्या. बाहेर रस्त्यावर ट्रक थांबला आणि एक दाढीवाला माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. मी पदर सावरून विचारलं, कोण पाह्यजे? तो म्हणाला, "ओळखलं नाई काय?" मी भुवईकडे पाहिलं.

तो ड्रायव्हर झाला होता, नागपूर-हैदराबाद रस्त्यावर. अमरावती रोडचा माल तो कधीच घेत नव्हता, कारण तो रस्ता कारंजावरून जातो. माझं लग्न वडनेरला झाल्याचं त्याला कारंजाच्याच एका क्लीनरकडून कळलं. मी त्याला जेवायला वाढलं. भात आधी खाल्ला त्यानं. मी म्हटलं, माय रोज रेडिओ ऐकते तुझ्यासाठी. तो म्हणाला, "ऐकलं होतं मी. एका हॉटेलात कपबश्या धुवत होतो, तवा आपलंच नाव आलं. समोर सात-आठ मानसं बसून होते. कोनी मान वर करून पाह्यलं नाई. मी वाट पाहून राह्यलो होतो का बाबानं काई निरोप देला असन. शेवटपर्यंत ऐकलं. ठान्याचा नंबर होता फक्त." मी त्याला सांगितलं, वाक्य होतं दादा, मीच लिहिलं होतं. त्यानं विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. निघताना म्हणाला, "मायले सांगशीन तं मी इथंही येनार नाई. बाबा हायेत तोवर मी कारंजात पाय ठेवत नाई."

मी शब्द दिला. आणि पाळला, माय. सात वर्षं.

तो दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचा. मी दर वेळी विषय काढायचे, तो दर वेळी उठायचा. मला भीती वाटायची की तुला सांगितलं तर तू धावत येशील, मागे बाबा येतील, आणि तो कायमचा जाईल, मग कोणालाच दिसणार नाही. स्वतःला मी हेच कारण देत आले. पण आज खरं लिहायला बसले आहे तर हेही लिहिते: तो माझ्याकडेच येतो, मला एकटीला माहीत आहे, याचं थोडं सुख होतं. बाबांच्या घरात मला कधी कोणी काही सोपवलं नव्हतं. दादानं सोपवलं.

त्या वर्षांतल्या दिवाळ्या मला आठवतात. तू रेडिओला कान लावून बसलेली आणि मी शेजारी. निवेदन सुरू होतं, वय अमुक, रंग सावळा, आणि तुझा श्वास थांबतो. दुसऱ्याचं नाव येतं, तू श्वास सोडतेस. मी पंधरा दिवसांपूर्वीच त्याच्या ताटात भात वाढलेला असतो. मी तुझ्याकडे पाहत नाही. एकदा तू मध्येच आवाज बारीक केलास आणि विचारलंस, "तो असन ना वं कुठी?"

"असन, माय."

"खाऊन-पिऊन बरा असन?"

"असन."

तू आवाज वाढवलास. तुला काही कळलं होतं का, की एका आईनं लेकीकडून नुसता धीर मागितला होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कळलं होतं असं मानलं तर मला बरं वाटतं, म्हणून मी तसं मानत नाही.

मग तू खरोखर आजारी पडलीस. पोटात पाणी झालं, मोठ्या दवाखान्यात नेलं. मी दोन दिवस तुझ्याजवळ राहून वडनेरला परतले, लेकरं लहान होती. तिसऱ्या दिवशी दादाचा ट्रक आला. मी धावत रस्त्यावर गेले. म्हटलं, माय आजारी आहे, चाल. तो चक्क हसला. "आजारी माय तं रेडिओवर रोज असते. पोट्टे घरी याले पाह्यजे म्हनून सांगतात."

"मायबाई शपथ, दादा. खरं सांगून राह्यली मी."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. क्षणभर वाटलं, उतरतो. मग म्हणाला, "हैदराबादचा माल आहे. खाली करून येतो. चार दिवसांत येतो." ज्या खोट्याला तू अर्जात जागा दिली नव्हतीस, त्याच खोट्यानं तुझं खरं आजारपण खोटं ठरवलं.

तो गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी तू गेलीस. तो पाचव्या दिवशी वडनेरला आला, तिथं कळलं तसा थेट कारंजाला निघाला. मी कारंजालाच होते. अकरा वर्षांनी तो घराच्या पायरीवर उभा राहिला. बाबा ओसरीत बसले होते. त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "जेवला काय?" तो तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एवढंच होतं ते सगळं, माय. इतकं सोपं होतं.

तेरवी झाल्यावर बाबांनी मला बोलावलं. "तुले माहीत होतं?" मी हो म्हटलं. ते रागावतील म्हणून मी मान खाली घातली होती. ते म्हणाले, "मले सांगाचं होतं. मी गेलो असतो घ्याले. रस्त्यावर उभा राह्यलो असतो त्याच्या ट्रकसमोर." त्यानंतर बाबा नऊ वर्षं जगले, पण हा विषय त्यांनी परत काढला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दादा आता दुकान पाहतो. पासष्टीला आला, साखर आहे, दुपारी गादीवरच डुलक्या घेतो. त्याच्या घरी रेडिओ नाही. मी त्याला कधी विचारलं नाही का नाही, आणि त्यानं मला कधी विचारलं नाही की मी का लावते.

ती निवेदनं आता माझ्या कानावर येत नाहीत. हरवलेल्यांचे फोटो मोबाइलवर फिरतात, लोक अंगठ्यानं पुढे सरकवतात. माझ्या सेटवर त्या वेळी कधी संत्र्यावरच्या रोगाची माहिती असते, कधी एखादं गाणं, कधी नुसती खरखर. मी तरी बसते. तुझ्याशेजारी इतक्या संध्याकाळी बसले, पण मी ऐकत नव्हते. ते कधी संपतं याची वाट पाहत होते. आता ऐकते. वेळ तीच, बसणंही तेच. तुझ्यापाशी खोटं न बसता बसायला हीच एक जागा उरली आहे.

हा कागद कुठं टाकायचा नाही. दादाला तर वाचूनही दाखवणार नाही, त्यानं त्या चार दिवसांचं ओझं खूप वाहिलं आहे. तेव्हा आणखी एक बारीक गोष्ट लिहून टाकते, जी मी त्यालाही सांगितलेली नाही. तुझ्या शेवटच्या दिवाळीला मी आले होते. एक संध्याकाळ तरी मला ती निवेदनं ऐकावी लागू नयेत म्हणून दुपारी तू निजलेली असताना मी रेडिओचे सेल काढून उलटे घातले. संध्याकाळी तू बटण फिरवलंस, सेटवर दोनदा थापट मारलीस, म्हणालीस, "बिघडला वाटते." मी म्हटलं, हो, बिघडला असेल. तू चप्पल घातलीस, सुजलेले पाय ओढत शेजारच्या काकूंकडे गेलीस आणि त्यांच्या दारात उभ्यानं सगळी निवेदनं ऐकलीस. मी खिडकीतून पाहत होते. तू परत यायच्या आत मी सेल सरळ केले.